सहा रेणूंची मसलत

करोनाच्या महासाथीत, विशेषतः 2021 च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रातल्या ज्या घरांतले कोणी ना कोणी इस्पितळात होते, त्या घरांच्या बोलण्यात सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर आणि आयएल-6 ही अक्षरे अशी काही रुळली, की एरवी रक्तगटापलीकडे रक्ताची चौकशी न करणारी माणसेही परस्परांना आकडे विचारू लागली. आयएल-6 म्हणजे इंटरल्युकिन-6 चा आकडा चढला, की टोसिलिझुमॅब नावाच्या महागड्या आणि त्या दिवसांत दुर्मीळ झालेल्या इंजेक्शनासाठी नातेवाईक शहरोशहरीची औषधांची दुकाने पालथी घालीत. आता ज्या रोग्याला ते मिळाले आणि ज्याचा ताप उतरून श्वासही सुधारला, त्याचे रक्त पुन्हा तपासले तर आयएल-6 चा आकडा उतरण्याऐवजी आणखी चढलेला दिसावा, हा प्रकार सामान्य माणसाला बुचकळ्यात टाकणारा खरा. परंतु या औषधाची ज्यांना नीट माहिती आहे त्यांना त्यात नवल वाटत नाही. रक्तात एखादे प्रथिन किती आहे ही एक गोष्ट, आणि त्याचा हुकूम पेशीपर्यंत पोचून त्याची तामिली होते की नाही ही अगदी दुसरी. या दोहोंच्या मध्ये जो मामला घडतो, तो आमच्या मते प्रयोगशाळेच्या कागदावरील आकड्यापेक्षा कितीतरी अधिक मनोवेधक आहे.

इंटरल्युकिन-6 हे सायटोकाइन कुळातले, म्हणजे रोगप्रतिकाराच्या कारभारात एका पेशीने दुसरीला निरोप धाडण्यासाठी वापरावयाचे प्रथिन. त्याचे जनुक 1986 साली जपानातील ओसाका येथे तोशिओ हिरानो आणि तादामित्सू किशिमोतो यांच्या चमूने हस्तगत केले. त्यांचा शोध चालला होता तो प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना उत्तेजन देणाऱ्या घटकाचा. अन्य संशोधक यकृताला चेतविणारा म्हणून, किंवा इंटरफेरॉनाचा एक प्रकार म्हणून ज्याच्या मागे लागले होते, तो घटक वस्तुतः हाच, हे उघडकीस येण्यास फार काळ लागला नाही. पुढे 1988 साली याच ओसाकाच्या मंडळींनी पेशीच्या पटलावरील त्याचा ग्राही, म्हणजे त्याला धरून घेणारे प्रथिन, शोधून काढला, आणि येथवर सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. पटलातून पेशीच्या आत उतरणारे या ग्राहीचे शेपूट फारच आखूड निघाले, आणि ते कापून टाकले तरी निरोप आत पोचण्यात काही खंड पडेना. ज्याच्या हाती खलिता पडतो तो दरबारात पाऊलच टाकीत नाही, मग मजकूर आत नेतो कोण?

याचे उत्तर 1989 आणि 1990 या दोन वर्षांत मिळाले. पटलावर जीपी-130 नावाचे दुसरे एक प्रथिन असते, त्याचे शेपूट लांब असते आणि निरोपाची आतली जबाबदारी सर्वस्वी त्याच्याकडे असते. गंमत अशी की, एकट्या इंटरल्युकिन-6 ला जीपी-130 ओळखही देत नाही. आधी इंटरल्युकिनने आपल्या ग्राहीला जाऊन मिळावे, आणि त्या जोडीने मग जीपी-130 कडे जावे, असा हा शिरस्ता आहे. आणि तो निसर्गाने का पाळला असावा, हे समजून घेण्यासाठी या रेणूंच्या अंगाशी थोडी लगट करणे भाग आहे.

इंटरल्युकिन-6 हे सुमारे 184 अमिनो आम्लांचे लहानसे प्रथिन. त्यात चार लांब मळसूत्रे एकमेकांना टेकून जुडीसारखी उभी असतात. दोन वर जाणारी, दोन खाली येणारी. या जुडीच्या पृष्ठभागावर चिकटण्याजोग्या तीन जागा आहेत. पहिल्या जागेवर तिचा स्वतःचा ग्राही बसतो. ही पकड बरीच घट्ट असते, पण तेवढ्याने पेशीच्या आत काहीच हालत नाही. दुसऱ्या जागेवर जीपी-130 चा मधला, कोपरासारखा वाकलेला भाग येऊन टेकतो. 2003 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्सिया यांच्या प्रयोगशाळेने या साऱ्या जुळणीचा स्फटिक करून क्ष-किरणांनी तिची रचना उलगडली, तेव्हा असे दिसले की हा कोपर केवळ इंटरल्युकिनला टेकत नाही. त्याचा काही भाग इंटरल्युकिनवर आणि काही भाग शेजारच्या ग्राहीवर विसावतो. अर्धे बूड इकडे, अर्धे तिकडे. दोहोंपैकी एक नसेल तर उरलेली टेकण इतकी अपुरी पडते, की जीपी-130 तेथे ठरतच नाही. वर ज्याला आम्ही शिरस्ता म्हटले, त्याचे कारण या भूमितीत आहे.

तिसरी जागा तर याहून नवलाची. इंटरल्युकिन, त्याचा ग्राही आणि जीपी-130 असे एक त्रिकूट तयार झाल्यावर त्यातील जीपी-130 चे डोके पलीकडे पुढे आलेले असते, आणि ते अशाच दुसऱ्या त्रिकुटातील इंटरल्युकिनच्या टोकाला जाऊन लागते. त्या दुसऱ्याचे डोके या पहिल्याच्या इंटरल्युकिनला लागते. अशा रीतीने दोन त्रिकुटे परस्परांना अडकून सहा रेणूंची मसलत भरते, आणि ती भरल्यावाचून निरोप आत जात नाही. दोन्ही जीपी-130 चे खालचे पाय, जे एरवी पटलात दूरदूर असू शकतात, ते या बैठकीत वाकून एकमेकांजवळ येतात. सारे रहस्य या जवळ येण्यात आहे. इंटरल्युकिन स्वतः पेशीत शिरून काही सांगत नाही; दोन शेपटांची आतल्या बाजूस गाठ घालून देणे, एवढेच त्याचे काम. त्या शेपटांना जेएके नावाची विकरे आधीपासून बिलगून असतात. ती जवळ आली की परस्परांवर आणि शेपटांवर फॉस्फेटाचे शिक्के उमटवतात, त्या शिक्क्यांवर स्टॅट-3 नावाचे प्रथिन येऊन बसते, स्वतःवर शिक्का घेते, जोडीने केंद्रकात जाते आणि जनुके जागी करते. यकृताच्या पेशीत अशा रीतीने जागे होणारे एक जनुक सीआरपीचे असते, आणि आपल्या घरोघरी पोचलेल्या त्या दुसऱ्या आकड्याचा उगम हा असा आहे.

जीपी-130 जवळपास प्रत्येक पेशीवर असते. इंटरल्युकिन-6 चा ग्राही मात्र यकृताच्या पेशी आणि काही पांढऱ्या पेशी अशा मोजक्या ठिकाणीच आढळतो. तेव्हा हा हुकूम मोजक्याच महालांत चालावा अशी व्यवस्था दिसते. पण तिला एक पळवाट आहे. पटलावरील ग्राही काही विकरांच्या कात्रीने कापला जाऊन रक्तात सुटा फिरू लागतो, आणि त्याचे शेपूट मुळातच निरुपयोगी असल्यामुळे या कापाकापीने त्याचे काही बिघडत नाही. हा सुटा ग्राही इंटरल्युकिनला धरून, ज्या पेशीवर ग्राही कधी नव्हताच अशा पेशीच्या जीपी-130 कडे जाऊन उभा राहतो, आणि मसलत तेथेही भरते. जर्मनीतील कील येथील श्टेफान रोझ-योन यांनी हा आडमार्ग वर्षानुवर्षे अभ्यासिला. दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाच्या विकारांत पुष्कळसा उपद्रव या आडमार्गाने होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शरीराने याचाही बंदोबस्त करून ठेवला आहे. रक्तात सुटे जीपी-130 देखील असते, आणि ते अशा भटक्या जोड्यांना वाटेतच अडकवून ठेवते. निरोगी माणसाच्या रक्तात इंटरल्युकिन-6 मिलिलिटरला काही पिकोग्रॅम, तर सुटा ग्राही नॅनोग्रॅमांत मोजावा इतका, म्हणजे हजारो पटींनी अधिक. हे प्रमाण लक्षात घेतले म्हणजे एकट्या आयएल-6 च्या आकड्यावरून रोग्याचे भविष्य वर्तविणे किती धाडसाचे होते, हे कळून येते.

या शिरस्त्याला पुरता बगल देणारा एक ठकसेनही आहे. कापोसी सार्कोमाशी निगडित हर्पीस विषाणूने आमच्या इंटरल्युकिन-6 सारखे एक प्रथिन आपल्या जनुकांत बाळगले आहे, आणि त्याचा दुसऱ्या जागेचा पृष्ठभाग असा घडलेला आहे, की त्याला ग्राहीची सोबत लागतच नाही. ते थेट जीपी-130 ला भिडते. अशा ठकसेनापुढे सारा परवान्याचा कारभार व्यर्थ.

टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड ओसाकाच्या त्याच परंपरेतून निघाले आणि 2005 साली जपानात कॅसलमन रोगासाठी प्रथम मंजूर झाले. ते इंटरल्युकिनला हात लावीत नाही. ते ग्राहीवर, पटलावरच्या आणि सुट्याही, ठाण मांडून बसते. एरवी पेशी ग्राहीला बिलगलेले इंटरल्युकिन गिळून टाकते आणि रक्तातून ते अशाच वाटेने नाहीसे होत असते. ती वाट बंद झाली, की तयार झालेले इंटरल्युकिन रक्तात साचत जाते आणि कागदावरचा आकडा चढतो. हुकूम पुष्कळ, तामिली शून्य. करोनात या औषधाचा लाभ किती, याचा निवाडा आरंभीच्या लहान चाचण्यांनी उलटसुलट दिला. ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत 4116 रोग्यांवर पाहता 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 35 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. लाभ खरा, पण दुकानांपुढच्या त्या धावपळीत लोकांनी ज्या अपेक्षा केल्या होत्या त्यांच्या मानाने माफक.

संधिवातासाठी हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या बाबतीत या यंत्रणेचा आणखी एक परिणाम वैद्यांना ध्यानात ठेवावा लागतो. यकृतापर्यंत हुकूमच पोचत नसल्यामुळे न्यूमोनिया झाला तरी सीआरपी चढत नाही, आणि कित्येकदा तापही जेमतेम येतो. आतड्याला छिद्र पडणे हा या औषधाचा क्वचित आढळणारा, पण ठाऊक असलेला धोका आहे. म्हणून असा रोगी पोटदुखीची तक्रार घेऊन आला, की जाणता डॉक्टर सीआरपीचा निर्दोष अहवाल बाजूला सारतो, आधी पोट दाबून पाहतो आणि शंका आली तर त्याच दिवशी सीटी स्कॅन करून घ्यायला सांगतो.