कोड दिसतो, हक्क मिळत नाही

महाराष्ट्रातील जमिनीचा सातबारा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. परंतु दुसऱ्याचा उतारा पाहिल्याने त्याच्या शेतात नांगर घालण्याचा हक्क मिळत नाही, हे मेहकर तालुक्यातील प्रत्येक शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात मात्र हाच भेद विसरला जातो. प्रोग्रॅमरने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर म्हणजे सोर्स कोड. तो इंटरनेटवर दिसला की ते सॉफ्टवेअर ‘ओपन सोर्स’, म्हणजे कोणालाही कोणत्याही कामासाठी वापरण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास मोकळे आहे, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः कोड दाखवूनही मालकी राखणारे सॉफ्टवेअर पुष्कळ आहे आणि त्याचे काय करता येईल हे सोबतचा परवाना ठरवतो.

भारतात या परवान्यामागे १९५७चा कॉपीराइट कायदा उभा आहे. १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश ‘साहित्यकृती’त झाल्यामुळे, वाचावयास मिळालेली कादंबरी जशी परवानगीवाचून छापता येत नाही, तसाच दिसणारा कोडही उचलता येत नाही. अर्थात कायदा वापरकर्त्याला उघड्यावर सोडत नाही; रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून संरक्षण म्हणून प्रत ठेवणे, तसेच त्यामागील कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण व चाचणी करणे, यांस कलम ५२ मुभा देते. उलट, प्रत बेकायदा आहे हे जाणूनही ती संगणकावर वापरल्यास कलम ६३-ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून केवळ दंड करू शकते.

कोड दाखवूनही मालकी राखणाऱ्या परवान्यांचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मारियाडीबी कंपनीने २०१६ मध्ये प्रथम वापरलेला ‘बिझनेस सोर्स लायसन्स’. त्यात कोड वाचण्यास, बदलण्यास व चाचणीसाठी वापरण्यास मोकळीक असते, प्रत्यक्ष कामकाजातील वापर मालकाने आखलेल्या मर्यादेतच करावा लागतो आणि जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती आपोआप ओपन सोर्स होते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीने आपल्या ‘टेराफॉर्म’ या प्रणालीला हा परवाना लावून स्पर्धक सेवांना मज्जाव केला, तेव्हा नाराज विकासकांनी आधीच्या मुक्त आवृत्तीवरून ‘ओपनटोफू’ ही वेगळी प्रणाली उभारली. हे शक्य झाले, कारण एकदा मुक्तपणे दिलेल्या आवृत्तीवरील हक्क मागे घेता येत नाहीत.

तालुक्याच्या गावातील पतसंस्था असो वा कृषी सेवा केंद्र, हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवण्यापूर्वी व्यावसायिक वापराची परवानगी, संगणकांची संख्या, मुदत, बदलाचा अधिकार आणि परवाना संपल्यावर स्वतःची माहिती परत मिळण्याची हमी या पाच गोष्टी लेखी तपासणे आवश्यक आहे. जमीन घेताना उताऱ्याबरोबर खरेदीखतही वाचले जाते. तीच सावधगिरी येथे सभासदांच्या आणि शेतकऱ्यांच्या पैशाचे रक्षण करील.