साठ लाखांची भाषा

कळव्याहून पवईच्या कारखान्यात वर्षानुवर्षे नोकरीस जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की, लार्सन आणि टुब्रो ही दोन डॅनिश अभियंत्यांची आडनावे आहेत? १९३८ साली मुंबईत भागीदारी करणाऱ्या या दोघांचा देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. लोकसंख्या सुमारे साठ लाख, म्हणजे २०११ च्या अविभाजित ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून किंचित अधिक.

१८७० नंतर परदेशी स्वस्त धान्याने डॅनिश शेतकरी हवालदिल झाला. त्याने धान्याऐवजी दुधाची कास धरली आणि १८८२ मध्ये जटलंडमध्ये पहिली सहकारी दुग्धशाळा उभी राहिली. गाई दोन असोत वा वीस, सभासदाला मत एकच!

सहकाराचे गोडवे आपणही गातो. त्यामागची शाळा मात्र विसरतो. धर्मोपदेशक ग्रुंटविग यांच्या प्रेरणेने १८४४ पासून निघालेल्या निवासी लोकशाळांत परीक्षेचा जाच नव्हता. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे स्वभाषेत इतिहास आणि समाजजीवन शिकत. सहकारी चळवळीचे अनेक कार्यकर्ते याच शाळांतून आले.

मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होते. तरीही पदव्युत्तर अर्थशास्त्र मराठीतून शिकवावे असे म्हटले, की आम्हा प्राध्यापकांच्याच खोलीत हशा पिकतो.