कारागीर पिऊन कामावर आला तर?

यंत्रमागाच्या खात्यात रात्रपाळीचा कारागीर दारू पिऊन आला की मालकाच्या तोंडून पहिले वाक्य निघते, "उद्यापासून येऊ नकोस." भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, मालकाची बाजू कमजोर होते ती याच वाक्याने.

व्यापारी बंधूंनी एक फरक ध्यानात घ्यावा. व्यसन हा आजार आहे. पिऊन मागावर उभे राहणे हे गैरवर्तन आहे. शिक्षा गैरवर्तनाची द्यायची असते, आजाराची नव्हे.

त्या रात्री त्याला चालू मागापासून दूर करावे. धोटा उडाला तर शेजारचा कारागीरही जखमी होतो. शिवीगाळ, मारहाण करू नये. तो कसा चालत होता, काय बोलत होता, हे जॉबर व दोन साथीदारांकडून वेळेसह लिहून घ्यावे. शक्य तर डॉक्टरांकडून तपासणी करावी. नुसता वास हा पक्का पुरावा नव्हे. 1971 साली एका मोटार अपघाताच्या फौजदारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रक्त-लघवीच्या तपासणीला महत्त्व दिले होते. खात्यातील चौकशीत इतका कडक पुरावा लागत नाही, पण कागद लागतोच.

नंतर लेखी आरोपपत्र द्यावे, तेही त्याला वाचता येईल अशा भाषेत, मग ती उर्दू असो वा हिंदी. उत्तराला मुदत द्यावी. चौकशी तक्रारदाराने स्वतः करू नये. कारागिराला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत, आपले साक्षीदार आणू द्यावेत.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 300 वा अधिक कामगारांच्या कारखान्याला स्थायी आदेश बंधनकारक आहेत. तेथे चौकशीसाठी निलंबित केलेल्या कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्यावा लागतो. आपले खाते लहान म्हणून मोकळीक आहे असे समजू नये. बाजू न ऐकता नोकरीतून काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली गैरहजेरीच्या एका प्रकरणातही स्पष्ट केले. शिवाय शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जड वाटल्यास न्यायाधिकरण ती कमी करू शकते.

म्हणून पहिल्या खेपेस लेखी ताकीद द्यावी व उपचारासाठी रजा द्यावी. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करीत आहे. ताकीद देऊनही फरक पडला नाही आणि काढावेच लागले, तर केलेल्या कामाचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा. कसबी कारागीर सुधारला तर फायदा दोघांचाही. न सुधारला तर निदान आपले कागद पक्के राहतात.