आधी चंद्रभागा, मग विठोबा

शेतकरी बंधू-भगिनींनो, भीमाशंकरला उगम पावलेली आपली भीमा पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तेथे ती चंद्रभागा. वारकरी आधी तिच्यात स्नान करतो, वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन घेतो, मगच राउळाची वाट धरतो. देवाआधी नदीचा मान!

पण १९८० साली उजनी धरण झाले. आता पाऊस लांबला की आषाढीच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे लागते. तुमच्या उसालाही तेच पाणी. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत मिसळते, तेही उजनीतच येते. तीर्थ म्हणून आपण ओंजळीत घेतो ते हेच!

पुण्याला बोल लावू. पण ओढ्यात फवारणीचा पंप धुतो, तो आपणच ना? यंदा स्नानानंतर जुनी कापडे पात्रात सोडू नका. भगिनींनो, ओटीचा खण-नारळ पाण्यात न टाकता काठावरच्या एखाद्या गरीब माउलीच्या पदरात घाला.