सुप्त क्षयसंसर्ग : बलक्षीण रुग्णात चाचणीचा अर्थ

राजयक्ष्म्याची साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन ही चार कारणे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली. त्यांतील ‘क्षय’ या कारणास आज नवी रूपे प्राप्त झाली आहेत. एचआयव्हीची बाधा, डायलिसिस, अवयव-प्रत्यारोपण, संधिवातावरील टीएनएफरोधक इंजेक्शने आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे ही त्यांपैकी होत.

काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडील एक शेतकरी दौर्बल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आले. आमवातासाठी ते कित्येक महिने प्रेडनिसोलोन घेत होते. पूर्वी केलेली माँटू चाचणी नकारात्मक होती. तिच्यावर विसंबून मी रसायनचिकित्सा आरंभिली. सायंकाळच्या ज्वराची चौकशी मात्र उशिरा केली. पुढे फुफ्फुसाचा क्षय निघाला. ही चूक माझीच होती.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के व्यक्तींत क्षयजंतूंचा संसर्ग आढळला. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो; परंतु बल क्षीण झाले की हा धोका पुष्कळ वाढतो.

माँटू चाचणीत ट्युबरक्युलीन त्वचेत टोचून 48 ते 72 तासांनी कठीण फुगवट्याचा व्यास मोजतात. सामान्यतः 10 मि.मी., तर एचआयव्हीबाधितांत 5 मि.मी. ही मर्यादा मानतात. धारणी वा चिखलदऱ्याहून अमरावतीस आलेला रुग्ण वाचनासाठी परतला नाही, तर चाचणी व्यर्थ जाते. इग्रा ही रक्तचाचणी एकाच भेटीत होते आणि बीसीजी लसीमुळे तिचा निकाल फसत नाही. तथापि या चाचण्या जंतू दाखवीत नाहीत. जंतूंविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद दाखवितात. प्रतिसाद देणारे बलच क्षीण असेल, तर नकारात्मक निकालाने संसर्ग नाही असे ठरत नाही. सकारात्मक निकालावरूनही संसर्ग सुप्त की रोग सक्रिय, हे कळत नाही.

म्हणून प्रथम खोकला, ज्वर, वजनातील घट आणि रात्रीचा घाम यांची चौकशी करावी. संशय असल्यास छातीचे क्ष-किरण चित्र व थुंकीची तपासणी करवून घ्यावी. टीएनएफरोधक औषध सुरू होण्यापूर्वीच चाचणी व्हावी. एचआयव्हीबाधितांत सक्रिय रोग नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचारासाठी चाचणीची अट नाही. हा उपचार आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड व रिफापेन्टिन आठवड्यातून एकदा असे 12 वेळा, या पद्धतीने देतात. सक्रिय रोगात एकटे आयसोनियाझिड दिल्यास जंतू औषधास दाद देईनासे होतात. तो निर्णय क्षयरोग केंद्राकडे सोपवावा.

औषधविक्रेत्या बंधूंचे साहाय्यही येथे मोलाचे आहे. क्षयरोगावरील औषधे 2014 पासून एच-1 परिशिष्टात असून त्यांची नोंदवही ठेवावी लागते. 2018 च्या अधिसूचनेनुसार अशा रुग्णांची माहिती विक्रेत्यांनीही कळवावयाची आहे. प्रेडनिसोलोन वारंवार नेणाऱ्यास खोकला व ज्वर यांविषयी विचारावे. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. रुग्णाने स्टिरॉइड एकाएकी बंद करू नये, हेही त्यास सांगावे.

रसायन हे बलवर्धनार्थ जरूर द्यावे; परंतु त्याने तपासणीचा विलंब होऊ देऊ नये. दौर्बल्याच्या प्रत्येक रुग्णास ‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जावा, एवढीच विनंती.