विमान उतरले, अम्मी कुठे आहेत?

आमच्या मोर्शीत उमऱ्याला निघालेल्या माणसाचा निरोप मोठा असतो. अम्मी निघाल्या तेव्हा आठ दिवस घरात माणसांची ये-जा चालली होती. कोणी दुआसाठी नावांची चिठ्ठी दिली, कोणी खजूर आणायला सांगितले. औषधांचे डबे, मऊ चपला, नमाजचे कपडे, सगळे दोन-दोनदा तपासून झाले. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मींचा हा पहिलाच मोठा प्रवास, तोही ओळखीच्या बायकांच्या गटासोबत. जाण्याची तयारी अशी चोख झाली. परत कसे यायचे, विमानतळाबाहेर कसे पडायचे, हे मात्र आम्ही कोणीच अम्मींना सांगितले नाही. आम्हालाही कुठे ठाऊक होते?

फेब्रुवारीत त्या परतणार म्हणून मी आणि धाकटा भाऊ मोर्शीहून एसटीने अमरावतीला आणि तिथून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. तारखेचा घोळ भावाने वेळीच पकडला म्हणून बरे. तिकिटावर जेद्दाहून सुटण्याची वेळ तिथली असते आणि पोहोचण्याची इथली. जेद्दाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. रात्री नऊला निघालेले विमान पाच तासांनी मुंबईत उतरते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. मी आदल्या दिवसाची तारीख धरून बसले होते.

मुंबईच्या त्या विमानतळाच्या इमारती दोन, आणि एकीपासून दुसरीकडे जायला वाहन करावे लागते. परदेशाची विमाने सहारच्या टर्मिनल दोनवर येतात. २०१४ साली सुरू झालेली ही इमारत एवढी मोठी की अख्खी मोर्शी आत उभी राहील असे वाटावे. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आत सोडत नाहीत. आम्ही बाहेर कठड्याशी उभे राहिलो. फलकावर अम्मींच्या विमानापुढे ‘उतरले’ असे आले आणि भाऊ म्हणाला, “दहा मिनिटांत येतील.”

अर्धा तास गेला. तास गेला. दारातून माणसे येत होती, हार पडत होते, पोरे आजोबांच्या पायांना बिलगत होती. अम्मींचा फोन बंद. तो नंबर सौदीचा होता, तो इथे चालणार नव्हता. इथले सिमकार्ड त्यांच्या बटव्यात सुईदोऱ्याच्या डबीत होते, आणि ते बदलायचे कसे हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. टूरवाल्यांचा माणूस पुढच्या गटासाठी मक्केतच थांबलेला. अम्मींना साखरेचा त्रास आहे. विमानात काही खाल्ले असेल का, गोळी घेऊन उपाशी तर राहिल्या नसतील, असे नाही नाही ते मनात यायला लागले. फज्रची वेळ झाली. भावाने कोपऱ्यात नमाज अदा केली, तोवर मी दारावर नजर ठेवून होते. मग तो उभा राहिला आणि मी गेले. सजद्यात गेल्यावर मला रडू आवरले नाही.

त्या दोन तासांत आत काय चालले होते, ते नंतर कळले. विमान थांबल्यावर लांब चालणे. मग पासपोर्टची रांग. एका वेळी दोन-तीन विमाने उतरली की ती रांग हलत नाही. पूर्वी तिथे एक फॉर्मही भरावा लागे आणि अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्या पेन घेऊन ज्याला-त्याला विनवत. मार्च २०१४ पासून भारतीयांचा येतानाचा तो फॉर्म बंद झाला. पण अम्मींचा खरा वेळ गेला तो सामानाच्या बेल्टपाशी. जमजमचे पाच लिटरचे खोके सामानात वेगळे येते, आणि सगळ्यांची खोकी अगदी एकसारखी! बेल्टवर ती एकामागून एक येत होती. अम्मींनी दोनदा दुसऱ्याचे खोके उचलले आणि दोनदा परत ठेवले. दुसऱ्याचा जमजम आपल्या घरी कसा न्यायचा? शेवटी सगळे आपापले घेऊन गेले तेव्हा जे उरले ते अम्मींचे. गटातल्या अचलपूरच्या एक खाला त्यांच्यासाठी थांबून राहिल्या. अल्लाह त्यांना याचा अज्र देवो.

पायी चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवता येते. तो माणूस पासपोर्टच्या रांगेतून, सामानापाशी आणि मग दारापर्यंत सोबत असतो. अम्मींना त्यात कमीपणा वाटला. आमच्याकडे बहुतेक घरांतून असेच आहे.

वडीलधारी माणसे सांगतात की पूर्वी निरोप आणि स्वागत गोदीवर होई. हजला जहाजाने जाणे १९९५ पर्यंत चालू होते. आता नागपूरहून हजची विमाने सुटतात, तरी खर्चाचा हिशोब करून वऱ्हाडातले कितीतरी जण मुंबईच पत्करतात. शिवाय २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना गटाने, मेहरमशिवाय हजला जाण्याची मुभा मिळाली. २०२३ मध्ये अशा चार हजारांहून अधिक महिला गेल्या. म्हणजे त्या दारातून एकट्याने बाहेर पडणाऱ्या अम्मी आता थोड्या नाहीत.

वाट पाहणाऱ्यांचा विचार करून बांधलेली एक इमारत जेद्दातच आहे. तिथल्या हज टर्मिनलवर २१० पांढरे तंबू आहेत, बाजू उघड्या, खाली सावली आणि वारा. त्याच्या रचनेत ढाक्यात जन्मलेले अभियंता फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. १९८१ मध्ये ते सुरू झाले, १९८३ मध्ये त्याला आगाखान पुरस्कार मिळाला. खानसाहेब मात्र १९८२ मध्ये जेद्दातच वारले होते.

प्रवासाहून परतणाऱ्याला सामोरे जाणे ही आपली जुनी रीत. पैगंबर (स.) तबूकहून परतले तेव्हा मदीनेची मुलेसुद्धा वेशीपर्यंत गेली होती, अशी हदीस आहे. आमच्या वेशीवर लोखंडी कठडा होता, एवढेच.

पावणेसातला अम्मी बाहेर आल्या. ट्रॉली ढकलत, डोळे लाल, पाय सुजलेले. मी हार घालायचा विसरले. मोर्शीहून आणलेली मृग बहाराची दोन संत्री पिशवीत होती. तिथेच खाली बसून त्यांनी एक सोलले, अर्धे त्या अचलपूरच्या खालांना दिले आणि म्हणाल्या, “बेटा, तुम्ही कधीचे उभे आहात?”

आता शाबानमध्ये आमच्या मामी निघायच्या आहेत. मी त्यांच्या बटव्यात जाड काळा मार्कर ठेवला आहे, खोक्यावर नाव लिहायला. सिमकार्ड कसे बदलायचे ते रोज संध्याकाळी एकदा करवून घेते. काल त्यांनी चष्मा न लावता जमवले.