टेस्टोस्टेरॉनची रक्तचाचणी : आकडा आणि त्याचा अर्थ

पुरुषाचा भरदार आवाज, दाढीमिशा, स्नायूंचे बळ, हाडांची घनता, कामेच्छा आणि प्रजननक्षमता या सर्वांचा टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाशी निकटचा संबंध आहे. ते मुख्यतः वृषणांत तयार होते आणि रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचते. रक्तातील त्याचे प्रमाण मात्र अत्यल्प असते. एक डेसिलिटर रक्तद्रवात ते काही शे नॅनोग्रॅम एवढेच सापडते आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग होय.

दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली, त्या वेळी इतके सूक्ष्म प्रमाण सहजपणे मोजण्याचे साधन जगातील कोणत्याही रुग्णालयापाशी नव्हते. त्यानंतर थोड्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सर्गी अणूंच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधून काढली. पुढे तिच्याच आधारे इतर संप्रेरकेही मोजता येऊ लागली. या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले; बर्सन यांचे त्यापूर्वीच, १९७२ साली निधन झाले होते.

आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा फरीदाबाद येथे रक्ताचा नमुना घरी येऊन नेला जातो आणि अहवाल दूरध्वनीच्या पडद्यावर उमटतो. मोजणे सोपे झाले. अर्थ लावणे मात्र तितके सोपे झालेले नाही. थकवा, निरुत्साह, कामेच्छा मंदावणे यांसारख्या तक्रारींमुळे एखादा पुरुष ही चाचणी करून घेतो. छापलेल्या मर्यादेपेक्षा आकडा थोडा खाली दिसला की आपल्या पौरुषातच उणीव आहे असा त्याचा समज होतो. वास्तविक एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. सुसंगत लक्षणे असली आणि निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या किमान दोन नमुन्यांत प्रमाण निःसंशय कमी आढळले, तरच टेस्टोस्टेरॉनची न्यूनता आहे असे वैद्यकशास्त्र मानते.

नमुना केव्हा घेतला हे प्रथम पाहावे लागते. टेस्टोस्टेरॉन पहाटे व सकाळी अधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते. तिशी-चाळिशीतील पुरुषात सकाळी आठच्या मानाने दुपारी चारला ते वीस ते पंचवीस टक्क्यांनी कमी भरू शकते. न्याहारीनंतरही ते घटते. म्हणून नमुना सकाळी, उपाशीपोटी द्यावयाचा असतो. गुरुग्राम किंवा नोएडा येथे रात्रपाळी करणाऱ्या माणसाची ‘सकाळ’ घड्याळावरून ठरत नाही; पुरेशी झोप घेऊन उठल्यानंतरचे पहिले काही तास हीच त्याची सकाळ समजावी. ताप किंवा मोठे आजारपण चालू असता हे प्रमाण तात्पुरते घसरते. तेव्हा केलेली चाचणी दिशाभूल करते. पहिल्या वेळी आकडा किंचित कमी आलेल्या पुरुषांपैकी सुमारे तीस टक्क्यांत तो दुसऱ्या वेळी स्वाभाविक आढळतो.

दुसरा प्रश्न एककाचा. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅम दर डेसिलिटर हे एकक वापरतात, तर काही नॅनोमोल दर लिटर. एका अहवालातील २६० आणि दुसऱ्यातील ९ हे जवळजवळ एकच प्रमाण होय. निरोगी, लठ्ठ नसलेल्या १९ ते ३९ वर्षे वयाच्या अमेरिकी व युरोपीय पुरुषांच्या रक्तावरून २०१७ साली २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम दर डेसिलिटर अशी मर्यादा निश्चित करण्यात आली. तथापि यंत्र आणि पद्धत यांनुसार मर्यादा बदलते. म्हणून दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळेही काही यंत्रांचे आकडे चुकतात.

तिसरी बाब म्हणजे रक्तातील सर्व टेस्टोस्टेरॉन मोकळे नसते. बराचसा भाग एस. एच. बी. जी. नावाच्या प्रथिनाला घट्ट आणि उरलेल्यातील बहुतेक भाग अल्ब्युमिनला सैल बांधलेला असतो. सुटा राहतो तो अवघा दोन ते तीन टक्के. लठ्ठपणा, मधुमेह आणि अवटू ग्रंथीची मंदता यांत एस. एच. बी. जी. घटते, वाढते वय, यकृताचा जुनाट विकार आणि अवटू ग्रंथीची अतिक्रियता यांत ते वाढते. समजा, एका लठ्ठ तरुणाचे एकूण टेस्टोस्टेरॉन २४० आले, पण त्याचे एस. एच. बी. जी. फारच कमी आहे. अशा वेळी सुट्या भागाचे गणित केल्यास तो पुरेसा असल्याचे दिसून येऊ शकते. या तरुणाला इंजेक्शनांपेक्षा वजन उतरविण्याची आणि मधुमेहाच्या तपासणीची गरज अधिक आहे.

प्रमाण खरोखरच कमी ठरले, तर बिघाड कोठे आहे हे शोधावे लागते. मेंदूच्या तळाशी असलेले अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला संकेत देते. ही ग्रंथी एल. एच. आणि एफ. एस. एच. ही दोन संप्रेरके सोडते. त्यांच्या प्रेरणेने वृषण टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू निर्माण करतात. टेस्टोस्टेरॉन वाढले की वरचे संकेत मंदावतात, घटले की तीव्र होतात. अधश्चेतकाच्या या संकेताची रासायनिक ओळख पटविणारे रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली हे १९७७ च्या त्याच पारितोषिकाचे यॅलो यांच्याबरोबरचे मानकरी होते.

या साखळीच्या आधारे अहवाल वाचता येतो. समजा, अठ्ठावीस वर्षांच्या, अपत्य नसलेल्या एका विवाहिताचे टेस्टोस्टेरॉन १८० आहे आणि एल. एच. व एफ. एस. एच. दोन्ही बरीच वाढलेली आहेत. याचा अर्थ असा की पीयूषिका सतत हाक देत आहे, परंतु वृषण प्रतिसाद देऊ शकत नाहीत. अशा रुग्णाच्या गुणसूत्रांची तपासणी करतात. कारण सुमारे सहाशे मुलग्यांमागे एकात एक्स गुणसूत्र जादा असते आणि अनेकदा ते प्रौढपणीच उघडकीस येते. याउलट, बेचाळीस वर्षांच्या दुसऱ्या पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन ११० असून एल. एच. मात्र वाढलेले नाही, तर दोष वर आहे. त्यातच प्रोलॅक्टिन फार वाढलेले असून डोकेदुखी आणि दृष्टीचे क्षेत्र आकुंचित झाल्याची तक्रार असेल, तर पीयूषिकेतील गाठीचा शोध घेणे अगत्याचे ठरते. ही गाठ पुष्कळदा केवळ गोळ्यांनीच आटोक्यात येते. या रुग्णाला नुसते टेस्टोस्टेरॉन दिले तर थकवा कदाचित कमी होईल. गाठ मात्र वाढतच राहील.

एल. एच. आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही कमी असण्याची इतरही कारणे असतात. अफूवर्गीय वेदनाशामके हे त्यांपैकी एक. व्यायामशाळांत स्नायू वाढविण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड इंजेक्शने हे दुसरे. ती थांबविल्यावरही ही साखळी पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात. अशी औषधे घेतल्याचे रुग्णाने संकोचापोटी लपविले, तर अहवालाचा अर्थ लावणेच अशक्य होते.

अर्थ चुकला तर त्याची किंमत मोठी असते. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन पीयूषिकेला गप्प करते आणि शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ थांबवू शकते. अपत्याची इच्छा असणाऱ्याला ते दिल्यास, ज्या हेतूने तो वैद्याकडे आला तोच विफल होतो. दोष पीयूषिकेत असेल, तर तिच्या संप्रेरकांची इंजेक्शने देऊन शुक्रजंतू निर्माण करणे पुष्कळदा शक्य असते. म्हणून हा प्रश्न उपचारापूर्वीच विचारला पाहिजे. या उपचाराने रक्तातील तांबड्या पेशीही प्रमाणाबाहेर वाढू शकतात. त्यामुळे तो चालू असताना रक्ताची वेळोवेळी तपासणी आवश्यक असते.

तेव्हा अहवाल हाती आल्यावर तो घेऊन थेट औषधांच्या दुकानात जाऊ नये. नमुन्याची वेळ, उपवास, झोप, आजारपण आणि चालू औषधे यांची नोंद त्यावर करावी, पूर्वीचे अहवाल जपून ठेवावेत आणि हे सर्व अंतःस्रावतज्ज्ञापुढे ठेवावे. दुसऱ्या नमुन्यासाठी थांबावे लागले, तर त्यात बहुधा काही बिघडत नाही. मात्र तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल असेल, तर एक दिवसही वाट पाहू नये.